मोठ्या गेटची चावी

मुलांनो, लोखंडी नळ्यांची एक अरुंद वाट डोळ्यांसमोर आणा. आधी डावीकडे वळायचं, लगेच उजवीकडे, की आपण बागेत. गाई आणि मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून ती मुद्दाम वाकडी केलेली असते. तुम्ही तिच्यातून पळत जाल. जाडे काका पोट आत ओढून जातात. आता तिच्यातून एक व्हीलचेअर नेऊन बघा.

नाही ना जात? अंधेरीतल्या एका बागेच्या दारात ऋतिका ढकलत होती तीही गेली नाही.

व्हीलचेअरवर तिचा मामेभाऊ बसला होता. देवेश, वय वर्षं बारा, राहणार कुडाळ. उद्या सकाळी तो गावी परत जाणार होता. चार दिवस ऋतिका त्याला आपल्या लाडक्या जागा दाखवत होती. सगळ्यांत लाडकी तिने शेवटी ठेवली होती, या बागेतलं कैलासपतीचं झाड. त्याची फुलं फांद्यांच्या टोकांना येत नाहीत, थेट खोडाला लगडतात, हे ती दोन वर्षं त्याला फोनवर सांगत होती.

"खोडार फुला? थापा मारू नको गो," एवढंच त्याचं दर वेळी उत्तर.

वाकड्या वाटेला लागूनच मोठं गेट होतं. दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढं. त्याला कुलूप होतं आणि चावी वॉचमन कुंडलिकमामांच्या पट्ट्याला.

"मामा, उघडा ना. झाड बघून लगेच येतो."

"ते गेट गाड्यांसाठी आहे, बाळा. ऑर्डर नाही."

"याला पण चार चाकं आहेत."

कुंडलिकमामांना हसू आलं. चावी मात्र हलली नाही.

काल वर्सोव्याला मढच्या होडीत चढताना असं काही झालं नव्हतं. होडीवाल्या धाकूने कुणी सांगायच्या आत फळी टाकली, खुर्ची आत घेतली आणि मगच विचारलं, "पोहायला येतं का रे तुला?" बस, एवढंच.

संध्याकाळी चालायला येणारी मंडळी जमू लागली. पांढऱ्या बुटांतले हर्षदकाका थांबले. ते ऋतिकाच्याच बिल्डिंगमधले. "अरे, त्यात काय! मामा, आपण दोघं धरू, उचलून आत ठेवू. खुर्ची राहू दे बाहेर." आणि न विचारताच त्यांनी देवेशच्या काखेत हात घातले.

देवेशने खुर्चीचे हात घट्ट धरले. "माका उचलू नका. मी काय भाताची गोण आसंय?"

"घ्या! मदत करायला जावं तर ही भाषा," म्हणत काका पोट आत ओढून निघून गेले.

मागोमाग कमलकाकू आल्या. "अगं ऋतिका, एक फूल आणून दे ना त्याला. बसल्या जागी बघेल."

"फूल नको. झाड बघूचा आसा," देवेश म्हणाला. कमलकाकूही आत गेल्या.

"गेल्या रविवारी उघडलं होतं की तुम्ही," ऋतिका कुंडलिकमामांना म्हणाली. "बाकड्याच्या उद्घाटनाला."

खरंच होतं ते. एक नवं बाकडं. त्याच्या पाठीवर एक भलंमोठं नाव. त्या बाकड्यासाठी तीन गाड्या थेट आतपर्यंत आल्या होत्या आणि जाताना अबोलीचा वाफा चिरडून गेल्या होत्या.

"ते पाहुणे होते, बाळा."

"मी पण पावणोच आसंय," देवेश म्हणाला. "कुडाळसून इलंय. ते खयसून इल्ले?"

ते पाहुणे पलीकडच्या गल्लीतून आले होते.

कुंडलिकमामा हळूच म्हणाले, "माझी नोकरी जाईल रे, पोरांनो. एखाद्या मोठ्या माणसाने पुढे होऊन सांगितलं, तर गोष्ट वेगळी."

मोठी माणसं? मुलांनो, मोठी माणसं तर समोरून रांगेने जात होती! एकेक जण आधी देवेशकडे बघायचा, मग "अरेरे" म्हणायचा, मग पोट आत ओढायचा. काहींनी त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला. पण "अहो, उघडा ते गेट" हे चार शब्द एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. चारच शब्द! त्यासाठी ना ताकद लागते, ना पैसे.

साडेसहा वाजले. सातला बाग बंद होणार होती.

ऋतिकाचे कान लाल झाले. तिने व्हीलचेअरला ब्रेक लावला. "थांब हां इथेच."

"आणि खय जातलंय?" देवेश म्हणाला.

ती त्या वाकड्या वाटेत शिरली. बरोबर वळणावर थांबली. पायांतल्या चपला काढून तिने बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि शाळेत डबा खायला बसतात तशी मांडी घालून बसली.

बाहेरून येणारे थांबले. त्यांच्या मागचे थांबले. आतून घरी निघालेले हर्षदकाका घाम पुसत आले आणि तेही थांबले.

"ऊठ गं! हा काय फाजीलपणा? आम्ही बाहेर कसं पडायचं?"

ऋतिकाने मान वर केली.

"मोठं गेट आहे ना, काका. चावी मामांकडे आहे. सांगा ना त्यांना."