आरतीतला लांब सूर

निरांजनात तूप घालता घालता प्रतिभाताईंनी अण्णांना मांडवाच्या खांबाआड गाठलं.

"आज माझं एवढं ऐका. विठ्ठलाच्या आरतीत सूर लांबवायची ओळ आली की तुम्ही लवकर थांबा. यांना जिंकू द्या."

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हिंदी मुलखातल्या नानाखेड्याच्या त्या कॉलनीत मराठी घरांचा गणपती बसायला लागल्यापासून त्या ओळीवर दोघांचंच राज्य होतं. बाकीची मंडळी दम संपला की गप्प व्हायची, टाळ थांबायचे, आणि अण्णा अन् गोपाळराव एकमेकांकडे डोळे वटारून तोच सूर ताणत राहायचे. कोण आधी सुटला याची चर्चा पुढचं वर्षभर चहाबरोबर चालायची.

"म्हणजे खोटं खोटं हरू, वहिनी? तेही गणपतीसमोर?"

"हरा ना एकदा. तुमचं काय जातंय?"

अण्णांचं बरंच काही जात होतं, पण त्यांनी मान डोलावली.

गेल्या हिवाळ्यात गोपाळरावांना फ्लू झाला आणि तो थेट छातीत उतरला. दवाखान्यात नाकाला नळी लावून पडले आणि अर्धे होऊन घरी आले. तोंड मात्र शाबूत होतं. भेटायला येईल त्याला ऐटीत सांगायचे, "हा विषाणू म्हणजे आपला भैरवगडचा कापडावर ठप्पे मारणारा छपाईवाला समजा. नाकातून आत आला, एका पेशीत घुसला, आणि रंग तिचा, माल तिचा, ठप्पा मात्र स्वतःचा! मारत सुटला. एकाचे हजार झाले. मग त्याला हाकलायला माझीच फौज धावली अन् तिनेच फुप्फुसात पाणी पाणी करून टाकलं." पुढचं त्यांची डॉक्टर पुतणी, अमृता, सांगायची, "विषाणू कधीच गेला, काका. मागे राहिलाय तो मारामारीचा राडा. हवेच्या पिशव्या खळ लावल्यासारख्या ताठ झाल्यात. सैल पडतील, पण टाइम लागेल."

टाइम लागत होता. चालणं सुधारलं, जेवण सुधारलं. हसणं तेवढं परत आलं नाही. पूर्वी गोपाळराव हसायला लागले की शेजारणीला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. आता हसणं सुरू झालं की मागोमाग खोकला यायचा, आणि तो आला की जीव घेऊनच थांबेल असं वाटायचं. म्हणून ते हसायला लागले की मध्येच ओठ मिटून घ्यायचे. प्रतिभाताईंना खोकल्यापेक्षा त्या मिटलेल्या ओठांची जास्त धास्ती वाटे. एकदा सूर ताणून जिंकले तर यांची भीती जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आरती सुरू झाली. एकेक देव पुढे सरकत विठ्ठलाची पाळी आली, आणि ती ओळ आली. सगळ्यांनी छाती भरून सूर धरला, आणि दुसऱ्याच क्षणी अख्खा मांडव एकदम चिडीचूप झाला. अण्णांनी इमानदारी जरा जास्तच केली होती. जो भेटेल त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं.

गोपाळरावांचा एकट्याचा बारीक आवाज तेवढा उरला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तेही थांबले.

"अण्णा, काय मजाक लावलाय?"

"माझा दम संपला रे."

"तुझा? इतक्यात? मला काय बेचारा समजलात तुम्ही लोकं?" गोपाळरावांची नजर बायकोवर गेली. प्रतिभाताईंना वात सारखी करण्याचं फार महत्त्वाचं काम निघालं. "चला, फिरून म्हणा ती ओळ. आणि कोणी मधात थांबला तर याद राखा!"

ओळ फिरून आली. आता कोणी दयामाया केली नाही. एकेक जण दम संपून गळत गेला आणि शेवटी नेहमीचे दोघं उरले. गोपाळरावांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. अण्णांच्या तोंडावर हात ठेवावा असं प्रतिभाताईंना वाटत होतं. गोपाळरावांचा सूर हलला, विरला आणि तुटला.

ते हरले. अण्णांना मात्र पत्ताच नव्हता. दिलेला शब्द, समोरचा गणपती, सगळं विसरून ते डोळे मिटून, टाचा उचलून, बिटासारखं लाल तोंड करून ओरडत होते. टोपी एका कानावर आली तरी थांबेनात. थांबले तेव्हा पायांनीच दगा दिला आणि ते सतरंजीवर धपकन बसले.

"अरे, याला ऑक्सिजन लावा कोणीतरी!" गोपाळराव ओरडले आणि हसायला लागले. पोट धरून, गदागदा, पूर्वीसारखे. मांडव हसला. खाली बसलेले अण्णाही धापा टाकत हसले.

प्रतिभाताई हसत नव्हत्या. तबक हातात धरून त्या खोकल्याची वाट पाहत उभ्या होत्या.

हसणं हळूहळू ओसरलं. गोपाळरावांनी डोळे पुसले, एक मोठा श्वास घेतला, सोडला. काही आलं नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. छातीवर हात ठेवून ते बायकोकडे बघत राहिले.

"अहो," प्रतिभाताई म्हणाल्या, "पुन्हा हसा बघू."