पिकअपची जागा

“अजून थोडं घोडीकडे,” दिलोरोम म्हणाली. “नाही, नाही. पुन्हा मागे घ्या.”

वाद्यं दुरुस्त करणारा मुहिद्दीन उस्ता दिलोरोमच्या मांडीवरच्या बास गिटारच्या तारांवर पिकअप धरून तो बोटाबोटाने सरकवत होता. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडणारी चुंबकाची पट्टी. दांडीजवळ धरली की आवाज जाड आणि गढूळ, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ नेली की पातळ, नाकातून बोलल्यासारखा. मेजावर असे तीन पिकअप होते. एक परदेशी, डबीतला. एक जुन्या रशियन गिटारमधून काढलेला. तिसरा उस्ताने स्वतः तांब्याची तार गुंडाळून केलेला. पहिले दोन बाद झाले होते. बासमधला मूळचा पिकअप कधीच जळून गेला होता, आणि त्याच्या जागी कुणा अर्धवट कारागिराने एवढी मोठी खाच कोरून ठेवली होती, की मूळ जागा कोणती याचा पत्ता लागत नव्हता.

निदान दिलोरोमला तरी लागत नव्हता. उस्ताला जागा ठाऊक होती. दुपारपासून तो ती चुकवत होता.

शेजारी टेप चालू होता. कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं: शोकिरचा बास, चिर्चिकचं लग्न, १९ फेब्रुवारी १९९७. शोकिर म्हणजे दिलोरोमचा बाप; हा बास त्याचाच. त्या लग्नानंतर दहा दिवसांत तो न्यूमोनियाने गेला, आणि मग कॅसेटच्या नकला ताश्कंदभर पसरल्या. टॅक्सीत, चायखान्यात, न्हाव्याकडे, जिथे जावं तिथे शोकिर वाजतच असायचा. मेलेला माणूस इतका कधी गावभर फिरला नव्हता. कानावर तो बास पडला की उस्ता चहा अर्धा टाकून उठे. लोक म्हणत, मित्राचं दुःख. तेही होतंच. त्यानंतर सत्तावीस वर्षांत त्याने बासला हात लावला तो फक्त दुरुस्तीपुरता.

“उस्ता, असं नाही जमायचं,” दिलोरोम म्हणाली. “वाजवता वाजवता मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही वाजवा, मी पिकअप धरते.”

“माझी बोटं गेली, पोरी.”

“गेली कुठे, फिरायला? खोटं बोलताना निदान दाढी तरी खाजवू नका.”

त्याने बास मांडीवर घेतला. भलतंच काहीतरी वाजवून वेळ मारून न्यायची, असा त्याचा बेत होता. पण तिने पिकअप सरकवत सरकवत नेमका त्या जागेवर आणला, आणि मग बोटांना कोण आवरणार? कॅसेटमधली ती ओळ, वरून घसरत येणारी आणि शेवटच्या सुराच्या जरा आधी अडखळणारी, त्याच्या हातून जशीच्या तशी निघाली. खोलीत कुणी तिसरं येऊन बसलंय असं त्याला वाटलं.

दिलोरोमचा हात हलला नाही. “हेच,” ती हळूच म्हणाली. “हेच बाबा. उस्ता, खूण करा. इथेच बसवा.”

उस्ताने पेन्सिलीने खूण केली. पोरगी समजली होती की पिकअपची जागा सापडली. एवढ्यावर निभावलं असतं. लग्नाच्या धंद्यात एक अडला की दुसरा त्याच्या नावावर जाऊन वाजवतो. यजमान गायकाकडे बघतात, पुलावाकडे बघतात. बासवाल्याचं तोंड कोण बघतो? चिर्चिक गावच्या त्या लग्नात शोकिरच्या जागी मुहिद्दीन स्वतः गेला होता. मयताच्या घरी सगळे शोकिरच्या शेवटच्या वाजवण्याची आठवण काढून रडत होते. शोकिरच्या म्हाताऱ्या आईला ‘ते मी वाजवलं’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तो गप्प बसला. तेव्हापासून आपलीच बोटं मेलेल्याच्या नावाने वाजताना ऐकणं त्याच्या नशिबी आलं.

“आता एकदा मनासारखं ऐकते,” दिलोरोम म्हणाली, “आणि मग विकून टाकते.”

उस्ताने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “विकणार? बापाचा बास?”

“बापाचं काय सांगता! कॅसेटवरची तारीख बघितलीत? त्या रात्री मी जन्मले. आईचं पोट फाडावं लागलं, मरता मरता वाचली. महिनाभर दवाखान्यात होती, भेटायला कुणाला आत सोडत नव्हते. पुढे ती मरेपर्यंत एकच सांगत राहिली, तुझा बाप त्या रात्री लग्नात वाजवत होता. मला फक्त एकदा नीट ऐकायचं होतं, की माझ्यापेक्षा मोठं असं ते होतं तरी काय.” ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. “चांगलं वाजवायचे हो. पटलं मला.”

तिच्या आईला सगळं ठाऊक असणार, असं उस्ता धरून चालला होता. आपण मेलेल्या मित्राचं नाव राखलं, याचा त्याला मनातल्या मनात थोडा अभिमानही होता. आता खरं सांगावं, तर बापाच्या बोटांचा म्हणून जो आवाज हिच्या हाती लागलाय, तोही जाणार. त्याला पोरीची फार दया आली, आणि स्वतःची लाज. त्याने टेप बंद केला.

“जागा पिकअपची नाही जमली, पोरी. हात जमला. कॅसेटवर मी आहे.”

दिलोरोमने त्याच्या बोटांकडे बघितलं. “मग बाबा कुठे होते?”

“बास माझ्या गळ्यात टाकून दवाखान्याकडे पळाला,” उस्ता म्हणाला. “आत सोडेनात, म्हणून तुमच्या खिडकीखाली बर्फात उभा राहिला. सकाळपर्यंत.”