वाकडा टाका

गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटात सासूबाईंचा दरारा असा, की सुनेची गोधडी हातात घेतली रे घेतली की तोंडातून एकच शब्द, "उसव!" सून बिचारी सकाळी शिवायची आणि दुपारी उसवायची. तरी टाके आपले नागमोडीच. शेवटी सासूबाईंनी हात टेकले आणि तिची गोधडी विकायच्या ढिगातून काढून आल्यागेल्याला बसायला टाकली.

त्या दिवशी शहरातल्या मोठ्या दुकानाची बाई खरेदीला आली. ऑर्डर मिळाली तर सगळ्याजणींच्या हाताला वर्षभर काम मिळणार होतं. तिला बसायला देऊन सासूबाईंनी स्वतः शिवलेली गोधडी मोठ्या थाटात उलगडली. बाईने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"ही मशीनवरची आहे. आमच्या गिऱ्हाइकांना हातची लागते."

"अहो, हातचीच आहे!" सासूबाईंचा आवाज चढला.

"इतकी सरळ? मावशी, मला बनवू नका." बाई उठली, आणि उठता उठता तिची नजर खाली गेली. "अगंबाई! ही कोणी शिवली? मला अश्शाच हव्यात, असतील तेवढ्या!"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्याजणी सुनेकडे शिकायला बसल्या. संध्याकाळी सासूबाई आपली गोधडी घेऊन तिच्यापुढे आल्या आणि घसा खाकरून म्हणाल्या, "बघ गं जरा. आलाय का वाकडा?"

सुनेने गोधडी उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तोंड होता होईल तेवढं गंभीर ठेवून म्हणाली, "आई, उसवा!"