हळदीच्या डब्याखाली

"शनिवार फडताळाचा, रविवारची दुपार माझी." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बजावलं होतं. दुपारी काय करता, हे मी विचारलं नाही.

त्या शनिवारी एक जुनी पिवळी वही दिसली. मी टराटरा पानं फाडून डब्यांखाली अंथरली. रविवारी आत्याबाई घरभर शोधत फिरल्या. "आठवतील त्या ओव्या उतरवून ठेवत होते गं, कुठं गेली वही?" त्या देवळात गेल्यावर मी पानांवर घाईघाईनं वर्तमानपत्र पसरलं.

तेव्हापासून तेवढं फडताळ त्या स्वतःच पुसत, मला हात लावू देत नसत. नवी वही मात्र त्यांनी कधी केली नाही.

एकोणीस वर्षांनी त्यांची नजर गेली. फडताळ कित्येक महिने तसंच राहिलं. परवाच्या शनिवारी फडकं माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हळदीचा डबा उचल. वरचं वर्तमानपत्र बाजूला सार, आणि खालचं मला वाचून दाखव."

एका हातात डबा धरून मी वाचू लागले. "नवी सून आली घरा, तिला हळू मारा हाक..."

"हं. पुढं?"

शेजारची तेलाची बरणी पाझरली होती. पुढची ओळ तेलानं पिऊन टाकली होती.

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवत असतं तर तुला कशाला वाचायला लावलं असतं, बये?"

मी डबा खाली ठेवला. "आत्याबाई, तुमची वही मीच फाडली."