चोचीतला मासा

"कसा पोझ देतोय बघ गुलाम!" घरात पाऊल टाकताच लेकीने आईपुढे कॅमेरा धरला. नदीच्या दरडीसमोर कापडी आडोसा उभारून पहाटेपासून मुंग्या आलेल्या पायांनी बसल्याचं चीज झालं होतं. निळ्याशार पाठीचा, नारिंगी पोटाचा खंड्या आणि त्याच्या चोचीत चंदेरी मासा. उद्या आणखी एक फेरी मारली, की स्पर्धेपुरते फोटो झाले.

"अगं, पण गिळत का नाहीये तो?"

"स्वतःसाठी नाहीच धरलेला, आई. माशाचं डोकं बाहेर आहे ना, म्हणजे पिल्लांना भरवायचाय. समोरच दरडीत बीळ आहे त्याचं."

"मग भरवत का नाहीये?"

लेक हसली आणि दाखवायला म्हणून फोटो मागे सरकवू लागली. फांदीवर, दगडावर, पुन्हा फांदीवर, पुन्हा दगडावर. पहिला फोटो सात वाजून दहा मिनिटांचा, शेवटचा आठचा. कल्ल्यापाशी लाल ओरखडा असलेला मासा सगळ्या फोटोंत तोच होता.

तिने घाईघाईने चपला पायात सरकवल्या.

"अगं, दोन घास खाऊन तरी जा! उद्या जाणारच आहेस ना?"

"आई, आडोसा तिथेच ठेवून आलेय मी. बिळाच्या तोंडासमोर."