टाचणी

वायरच्या इन्सुलेशनला बारीकसं भोक असलं, तरी स्पार्क टेस्टरचा बझर वाजतो. आज मात्र सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता. इतकी गुणी वायर कधी निघते का? तपासणीवरच्या मामांना चैन पडेना. त्यांनी नेहमीसारखी मुद्दाम वायरला टाचणी टोचली आणि ती यंत्रातून सोडली. बझर गप्प. पुन्हा टोचली, जरा खोल. तरी गप्पच.

"यंत्रच मेलं की काय!" म्हणत ते इलेक्ट्रिशियनला बोलवायला वळले, तर तोच कानांवर हात ठेवून धावत येत होता. अगदी जवळ येऊन ओरडला, "मामा, बंद करा ना तो बझर! सकाळपासून कितीदा कोकलतोय!"

मामा पास करून ठेवलेल्या वायरच्या ड्रमांकडे बघत राहिले.

"कुठला बझर?"