पंपाला बांधलेली शाल

कपाट उघडलं आणि नेरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर तापवणाऱ्या बॉयलरच्या गळक्या पंपाला नवऱ्याने तिच्या आजीची शाल गुंडाळली होती. याच शालीने अंगाशी बांधून आईने तिला आणि पुढे तिने आपल्या बाळाला झोपवलं होतं. आता तीच गंजाच्या पाण्याने निथळत होती. “ह्यू, हे काय?” “जुनी चिंधी दिसली, बांधली,” टीव्हीवरच्या रग्बीच्या सामन्यावरून नजर न हलवता तो म्हणाला. “पंपाला हात लावू नकोस, तुला जमायचं नाही. रविवारी बघतो.” असे कितीतरी रविवार बाळ गारठलेल्या घरात खोकलं होतं. तिने शाल सोडली, वीज आणि पाणी बंद करून पान्याने नट सोडवला, झिजलेला वॉशर बदलला. तासाभरात रेडिएटर तापले. “गळती थांबली ना आपोआप!” म्हणत ह्यू आला आणि किंचाळला, “अगं, माझ्या टीमचा मफलर!” “जुनी चिंधी दिसली,” त्याच मफलरने फरशीवरचा गंज पुसत ती म्हणाली.